गावदेवीला इंग्रजीचा नारळ

ठाण्याहून पत्र आलं तेव्हा दामाजी मास्तर अंगणात बनियनवर बसून सोडे निवडत होते. जिल्ह्यातल्या पाचवीच्या शिक्षकांसाठी तीस दिवसांचा इंग्रजीचा प्रशिक्षण वर्ग, पहिल्याच दिवशी तोंडी परीक्षा, आणि जो नापास होईल त्याला त्याच दिवशी घरी परत. खाली एक सल्लाही होता: आतापासून घरात इंग्रजीच बोलण्याचा सराव ठेवावा.

गेल्या वर्षी शेजारच्या गावचे रघु गुरुजी असेच ऐटीत गेले होते आणि दुपारच्या जेवणाला परत आले होते. तेव्हापासून त्यांना सगळे ‘हाफ डे’ म्हणत. मास्तर बारा वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण मराठीतून. ‘सिट डाऊन’, ‘व्हाय’, ‘से अगेन’ एवढं सोडलं तर वर्गात आपल्या तोंडून इंग्रजी कधी निघालंच नाही, हे ते आज स्वतःच सांगतात.

स्वतःवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. तंबाखू त्यांनी सात वेळा सोडली होती. म्हणून त्यांनी गावात चालतो तो पक्का इलाज केला. सकाळी आंघोळ करून गावदेवीसमोर नारळ फोडला आणि चार माणसांत मोठ्याने म्हणाले, "आजपासून पंधरा दिवस, परीक्षा होईपर्यंत, मराठीचा एक शब्द बोलणार नाही!" हे ते मराठीत म्हणाले, कारण देवीला इंग्रजी येतं की नाही याची खात्री नव्हती.

पहिल्या दिवशी मजा वाटली. ‘टी’ म्हटलं की चहा आला, ‘वॉटर’ म्हटलं की पाणी. तिसऱ्या दिवशी साठा संपला. सुट्टी असल्यामुळे शाळाही नव्हती, दिवसभर घरात. जेवताना बायको सगुणा म्हणाली, "कालवन कसं झालंय?"

कालवण अळणी होतं. मास्तर सात पिढ्या मिठागरात राबलेल्या घरातले, आणि अळणीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना.

"गुड," ते म्हणाले आणि अळणी कालवण खाल्लं. गुड म्हटल्यामुळे सगुणाने दुसऱ्या दिवशीही तसंच केलं.

सहाव्या दिवशी त्यांनी पाटीवर मराठीत लिहिलं, ‘कालवणात मीठ घाल.’ सगुणाने पाटी वाचली आणि पदराने पुसून टाकली. "लिवलेलं पन बोलनंच झालं. देवीला फसवताव काय? उद्या काय वाईट झालं तर गाव आपल्यालाच धरंल!"

झालं. मास्तर गप्प झाले. पूर्वी ते सकाळी पेपर मोठ्याने वाचत, दुपारी सरकारला शिव्या देत आणि संध्याकाळी तेच शेजाऱ्यांना पुन्हा सांगत. आता घरात पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. शेजारच्या आवडाबाई येऊन लांबूनच हात जोडून गेल्या. "मास्तरांच्या जिभंवर देवी बसलीय," त्या म्हणाल्या.

दहाव्या दिवशी मास्तरांच्या बहिणीचे यजमान काळुराम धावत आले. त्यांच्या मुलीला, शकूला, बघून गेलेली विठ्ठलवाडीची मंडळी बोलणी करायला येणार होती.

"मास्तर, तुमी पोरीचा मामा. बोलाचाली मामानंच करायची. तुमी गप बसलाव तर ते आपल्याला लुटतील!"

मास्तरांनी सगुणाकडे केविलवाणं बघितलं. सगुणाने देवळाकडे बघितलं.

संध्याकाळी नवऱ्या मुलाचे वडील गोपीनाथशेठ ऐसपैस बसले. "हळदीला आमची दोन हजार मानसं येतील," त्यांनी सुरुवात केली.

एवढी माणसं जेवायला घालणं काळुरामला झेपणार नाही, हे मास्तरांना इंग्रजीत सांगायचं होतं. आठवलं ते एकच.

"व्हाय?"

"म्हंजे... आमची भावकी मोठी हाय."

मास्तर भावकीला इंग्रजी शब्द शोधू लागले. सापडेना. शोधता शोधता त्यांची नजर गोपीनाथशेठच्या चेहऱ्यावर खिळून राहिली.

"हजारात भागवू," गोपीनाथशेठ म्हणाले.

"व्हाय?"

"बरं, पाचशे! आनि बँड दोन लागतील." मास्तर नुसते खाकरले. "एक बस झाला," गोपीनाथशेठने कपाळ पुसलं. निघताना ते काळुरामच्या कानात म्हणाले, "तुमचा मास्तर लई खोल मानूस हाय."

खोल मास्तरांना ‘रिलेटिव्ह’ हा शब्द पाहुणे वळणावरून दिसेनासे झाल्यावर आठवला.

परीक्षेचा दिवस उजाडला. पाऊस नसताना सगुणाने छत्री हातात कोंबली. ठाण्याच्या वर्गात परीक्षा घेणाऱ्या मंदाकिनी मॅडमनी फर्मान काढलं: प्रत्येकाने पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं, बाकीचे शिक्षक म्हणजे विद्यार्थी. मास्तरांनी एक धडा तोंडपाठ करून आणला होता. फळ्यासमोर उभे राहिले आणि धडा साफ पुसला गेला. डोळ्यांसमोर फक्त ‘हाफ डे’ रघु गुरुजी दिसू लागले.

"सिट डाऊन," ते म्हणाले. सगळे आधीच बसलेले होते. त्यांनी छत्री टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बोट केलं. "व्हाय?"

कोणीतरी इंग्रजीत म्हणालं, पाऊस येईल म्हणून. मास्तर गप्प. गप्प बसायचा त्यांना आता चांगला सराव होता. दुसरा म्हणाला, बायकोने दिली म्हणून. हशा पिकला. "से अगेन," मास्तर म्हणाले. तिसरा म्हणाला, सर बायकोला घाबरतात म्हणून. "व्हाय?" मग सगळा वर्गच आपापल्या बायकांबद्दल मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत सुटला.

मंदाकिनी मॅडम उठल्या. मास्तरांनी छत्री उचलली, घरी जायच्या तयारीने.

"थांबा," मॅडम मराठीत म्हणाल्या. "बाकी सगळ्यांनी भाषण केलं. पंधरा मिनिटांत तुम्ही दोन मिनिटंही बोलला नाहीत, वर्ग बोलत राहिला. महिनाभर आम्ही हेच शिकवणार आहोत. ही तयारी केलीत कशी?"

मास्तर काहीच बोलले नाहीत. तेही मॅडमना फार आवडलं.

संध्याकाळी ते जवळजवळ पळतच घरी आले. पंधरा दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं: मॅडम, छत्री, गोपीनाथशेठ, सरकार, अळणी कालवण. सगुणाने पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग देव्हाऱ्यापुढची खोबऱ्याची वाटी आणून त्यांच्या समोर ठेवली.

"वर्ग तीस दिवसांचा हाय ना? तुमी ठान्याला गेल्यावर मी देवीला आनखी तीस दिवसांचा नारल फोडून आले."

मास्तरांनी तोंड उघडलं, देवी आठवली, आणि आतून एकच शब्द आला.

"व्हाय?"

"सिट डाऊन," सगुणा म्हणाली आणि तिने ताट वाढलं.