चालता बाण

रविवारी सकाळी इंद्रभान तायडे वन उद्यानात चालायला येणार आहेत आणि चालणं आटोपलं की सपनाबद्दल हो की नाही ते सांगणार आहेत, असा निरोप फय्याज घेऊन आला तेव्हा सतीश उद्यानातल्या एका दगडावर बसून ढग बघत होता. त्याच्या हातात ब्रश होता आणि ब्रशवरचा पांढरा ऑइलपेंट ठिबकून त्याच्याच चपलेवर पडत होता. फय्याजनं निरोप दोनदा सांगितला, तेव्हा कुठे तो सतीशपर्यंत पोचला.

सतीश खिल्लारे मालेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. माणूस गुणी, पण जागेवर नसायचा. चहात बिस्कीट बुडवायचा, बिस्कीट विरघळून तळाशी जायचं आणि हा बोटं तशीच धरून खिडकीबाहेर बघत राहायचा. सपनाला तो नेमका याच कारणासाठी आवडला होता. तिच्या वडिलांचं याच कारणासाठी डोकं फिरलं होतं.

इंद्रभान एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी मालेगाव-केनवड रस्त्यावर गेली. आपण कधी रस्ता चुकलो नाही, कधी गाडी उशिरा नेली नाही, हे ते लग्नकार्यात, दवाखान्यात, जिथं बसतील तिथं सांगायचे. ज्याला रस्ता सांभाळता येत नाही त्याला संसार काय सांभाळता येणार, हे त्यांचं मत पक्कं होतं. त्यामुळे वन उद्यानात म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही चपला घालून फिरता येईल अशी सोपी पायवाट तयार होते आहे आणि तिच्यावरचे बाण सतीश मास्तर काढतो आहे, हे कळल्यावर त्यांनी परीक्षाच लावली. रविवारी लोक पहिल्यांदा या वाटेवर चालणार, तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे चालतील, फक्त बाण बघत. सतीशनं सगळ्यांच्या मागं चालायचं आणि तोंड उघडायचं नाही. बाणांनी त्यांना बिनचूक गेटवर परत आणलं, तर सपना त्याची.

"सोपं तं आहे," फय्याज म्हणाला. रंगाचं दुकान त्याचं, पायवाटेची कल्पना त्याची आणि शाळेपासूनची दोस्तीही त्याची. "गेटापासून तळं, तळ्यापासून टेकडी, टेकडीवरून गेट. तू फक्त झोपू नको."

सतीश झोपला नाही. बाणाच्या आकाराचा कापलेला पत्रा दगडावर टेकवायचा, वरून ब्रश फिरवायचा, पुढच्या दगडाकडे जायचं, असं काम त्यानं मन लावून केलं. फक्त तळ्यापाशी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. भादव्यातली संध्याकाळ, पोळा नुकताच होऊन गेलेला. गवतात पिवळी फुलं, वर सोनेरी ढग, पाण्यात खालीही तेच ढग. सतीशला वाटलं, इथं सपनाला घेऊन यावं, काही बोलू नये, नुसतं बसावं. तो उभ्या उभ्याच तिच्याबरोबर बराच वेळ बसला.

तळ्यापाशी पायवाटेला दोन फाटे फुटत. डावा टेकडीवर जाई आणि उजवा मोडक्या कुंपणातून बाहेर, लोकांच्या वावरांत. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा बाण इथलाच. काठाला काळे दगड पसरले होते. त्यांतला एक चांगला रुंद दगड त्यानं निवडला, वरचा वाळलेला चिखल हातानं खरवडला. दगड कोमट लागला. दिवसभर ऊन खाल्लं की दगडातही माया उतरते, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि हे सपनाला सांगायचं त्यानं ठरवून टाकलं. पत्रा टेकवून ब्रश फिरवताना कोणीतरी लांब उसासा टाकला. तो आपणच टाकला असं त्याला वाटलं, कारण हल्ली तो बरेच टाकायचा.

रविवारी सकाळी पंचवीस-तीस माणसं गेटवर जमली. कोणी नवे बूट घातलेले, कोणी साडीखाली मुलाचे बूट घातलेले. इंद्रभान जुन्या खाकी पँटमध्ये आले, हात पाठीमागे बांधून पुढं निघाले. बाण आला की थांब्यावर गाडी हळू करावी तसे हळू होत, मान हलवत आणि पुढं जात. सतीश शेवटी चालत होता आणि प्रत्येक हलणाऱ्या मानेसरशी त्याचा जीव भांड्यात पडत होता. सपना त्याच्या थोडी पुढं होती. ती मधूनच मागं बघून हसली, तेव्हा तो एका बाभळीवर आपटला.

तळ्यापाशी मान हलली नाही. इंद्रभान फाट्यावर उभे राहिले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बाण कुठेच नव्हता. सतीशनं टाचा उंच करून पाहिलं, तर कालचा दगडच जागेवर नव्हता. एवढा दगड कोण कशाला नेईल, असा विचार तो करतो आहे तोच पाण्यातला एक दगड हलला, उठून उभा राहिला आणि त्यानं कान झटकले.

म्हैस काठावर आली. तिच्या कुशीवर पांढराशुभ्र, रेखीव बाण होता. बाणाचं टोक तिच्या तोंडाकडे होतं, त्यामुळे ती जिकडे तोंड करेल तिकडेच तो दाखवत होता.

रंगाचं कोणाला नवल वाटलं नाही. पोळ्याचा रंग गावातल्या जनावरांच्या अंगावर अजून होताच. पण बाण बघून लोक कुजबुजायला लागले. सतीशनं तोंड उघडलं. इंद्रभाननी मागं न बघता नुसतं बोट वर केलं. सतीशनं तोंड मिटलं.

"हे काय होय?" इंद्रभाननी विचारलं.

दोस्त बुडतो आहे हे फय्याजला दिसत होतं. "काका, ही आपली गाईड आहे," तो म्हणाला. "दगडावरचा बाण एका जागी राह्यते. म्हनून तळ्यापासून पुढं चालता बाण ठेवला. मास्तरची आयडिया."

इंद्रभान म्हशीकडे बघत राहिले. म्हशीनंही त्यांच्याकडे पाहिलं. मग तिची घरी ढेप-पेंड खायची वेळ झाली असावी, ती उजवीकडे वळली आणि संथपणे निघाली. इंद्रभाननी मान हलवली आणि तिच्यामागं चालू लागले.

त्यांच्यामागं सगळे. म्हैस मोडक्या कुंपणातून बाहेर पडली, सगळे बाहेर पडले. ती सोयाबीनच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून गेली, सगळे एकामागं एक धुऱ्यावरून गेले. ती चरायला थांबली की फय्याज ही निसर्ग बघायची जागा आहे असं जाहीर करी आणि लोक खरोखरच निसर्ग बघत. ती नाल्यात उतरली तेव्हा त्यानं पायाला थंड पाणी लागणं कसं चांगलं असतं ते सांगितलं. बूट हातात आले, साड्या वर खोचल्या गेल्या. आणि हळूहळू काय झालं कोणास ठाऊक, बोलणं बंद झालं. तुरीवरून वारा येत होता, फुलपाखरं म्हशीच्या शिंगांवर बसून येत होती, आणि आपण कुठं चाललो आहोत हे माहीत नसलेली तीस माणसं अर्ध्या झोपेत असल्यासारखी चालली होती. सतीशला सगळं फार सुंदर वाटलं. आपलं लग्न मोडणार आहे याची मधूनमधून आठवण होई तेवढीच.

सपना मागं राहून त्याच्या बरोबरीनं चालू लागली. "बान तुमीच काढला ना?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. तिच्याशी बोलायची मनाई नाही असं स्वतःला समजावून मग हळूच म्हणाला, "मले दगड वाटला."

"दगड गरम नाई लागला?"

"लागला. म्हनून तं तुयी आठवन आली."

सपनानं ओढणी तोंडाला लावली आणि पुढचा सगळा धुरा तिचे खांदे हलत होते.

म्हैस एका निंबाखालच्या टिनाच्या घरासमोर येऊन थांबली. अंगणात हिरीबाई ढेपेचं घमेलं घेऊन उभी होती. आपल्या म्हशीमागं तीस माणसं बूट हातात घेऊन आलेली पाहून तिनं घमेलं खाली ठेवलं. लोकांना हा चहाचा थांबा वाटला. ते सावलीत बसले आणि हिरीबाईनं, आता बसलेच आहेत तर, म्हणून चुलीवर मोठं भगोणं चढवलं.

इंद्रभान खाटेवर बसले. ते खूश होते. असली व्यवस्था आपण जन्मात पाहिली नाही, म्हैस शिकवायला डोकं लागतं आणि धीर लागतो, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. मास्तरबद्दल आपला अंदाज चुकला होता हेही सांगितलं. फय्याजनं दुरून सतीशला डोळा मारला. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं हीच तर अट होती.

सतीशनं सपनाकडे पाहिलं. मग उठून उभा राहिला.

"काका, ते म्हैस मी शिकवली नाई," तो म्हणाला. "काल मी तुमच्या पोरीचा इचार करून राह्यलो होतो. मले ते दगड वाटली. आपन रस्ता चुकलो."

सगळ्यात आधी हिरीबाई बोलली. "म्हंजे तूच काय? कालपासून शोधून राह्यली मी तुले." ती पुढं आली आणि सतीश एक पाऊल मागं सरला. "एकाच बाजूनं काढते काय कोनी? पोळ्याले जनावर दोन्ही अंगानं सजवा लागते. दुसरीकडून उघडी दिसते ते. चहा पे आन पुरं कर."

इंद्रभान मात्र खाटेवरून उठले. ते अंगणाच्या कडेला गेले. शेतापलीकडे सडक होती आणि केनवडकडे जाणारी एस.टी. चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पाहिलं.

"हे निंबाचं झाड अन् हे टिनाचं घर मले गाडीतून रोज दिसे," ते म्हणाले. "इथं कोन राह्यत असन, असं रोज मनात ये. एकडाव बी उतरून पाह्यलं नाई. टाइमात गाडी न्या लागे." मग जरा लाजल्यासारखे म्हणाले, "आज पैल्यांदा चुकलो. बरं वाटलं."

चहा आला, बिस्किटं आली. सतीशनं बिस्कीट कपात बुडवलं आणि इंद्रभानच्या चेहऱ्याकडे बघत तसाच बसला. बिस्कीट तळाशी गेलं. सपनानं चमचा घेऊन ते काढून घेतलं, सगळ्यांसमोर, घरच्या माणसाचं काढावं तसं. इंद्रभाननी ते पाहिलं. कप रिकामा करून त्यांनी खाली ठेवला.

"मास्तर, दिवाळीनंतरची तारीख पाहू," ते म्हणाले. "पन मांडवाच्या रस्त्याचे बान दुसऱ्या कोनाकडून काढून घ्या. माह्ये पावने लय लांबून येनार आहेत."