एकोणसाठ ऐकलेली माणसं

सगळा दोष आत्याचा. भाचा कॉलेज सोडून घरी लोळतोय हे तिला बघवेना, म्हणून ती ज्या वृद्धाश्रमाचा कारभार बघायची, तिथे दर रविवारी म्हाताऱ्यांची करमणूक करायला तिने त्याला जुंपलं.

पहिल्याच रविवारी त्याने स्पीकरवर गाणी लावली. दहा मिनिटांत तिघे झोपले आणि एक आजी रडायला लागल्या (गाण्यामुळे नाही, गुडघ्यामुळे). मागून हुकूम आला, "ते केकाटणं बंद कर. हाउसी घे!"

बक्षीस होतं खिडकीजवळची आरामखुर्ची, कायमची. ती रिकामी कशी झाली यावर कोणी बोलत नव्हतं; डोळा मात्र सगळ्यांचा तिच्यावर. म्हातारपणी माणसं शहाणी होतात म्हणे! इथे दोघं त्या खुर्चीपायी आठवडाभर एकमेकांचं तोंड बघत नव्हती. ड्रायव्हरकाकांना ती हवी होती, कारण तिथून बसडेपो दिसायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना हवी होती, कारण ती ड्रायव्हरकाकांना हवी होती.

"आकडे मराठीत पुकार," बाईंनी बजावलं. "इंग्रजी आम्हाला ऐकू येत नाही."

पठ्ठ्या इंग्रजी शाळेतला. विसाच्या पुढे सगळा अंदाजपंचे कारभार. खेळ रंगात आला आणि हाताला सोंगटी लागली सहावर नऊची. साठ माहीत होतं. नवाला 'एकोण' लागतं हेही कुठेतरी ऐकलेलं. त्याने माइकवर ठोकून दिलं, "एकोणसाठ!"

"हाउसी!"

ड्रायव्हरकाका उशी बगलेत मारून खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा. "पाच नंबर आज लेट आहे," डेपोकडे बघत ते म्हणाले. आवाज चक्क ओला झाला होता.

बाई तरातरा सोंगट्या लावायच्या फलकाशी गेल्या. "इथे तर एकोणसत्तर लावलाय! माझा तेवढाच राहिला होता. तू काय पुकारलंस रे?"

आकडे येत नाहीत म्हणायची त्याला लाज वाटली. (कॉलेज सोडताना वाटली नव्हती.)

"एकोणसत्तर," तो म्हणाला.

ऐकलं होतं अख्ख्या हॉलने. पण स्वतःच्या कानांवर भरवसा असलेला माणूस त्या हॉलमध्ये एकही नव्हता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर खोटं इतकं सहज निघालं.

ड्रायव्हरकाका उठले. उशी उचलली. "ताई," ते आत्याला म्हणाले, "उद्या कानाचे डॉक्टर येणार ना? माझं नाव घाला. गेले वाटतं माझे."

"माझंही घाला," शिंपीआजोबा म्हणाले. "मलाही एकोणसाठच ऐकू आलं."

"मलाही!"

"अगं बाई, मलापण!"

शेवटी बाईंनीही हळूच बोट वर केलं. आत्या लिहीत गेली. अकरावं नाव लिहून झालं तेव्हा भाच्याला आपल्या चपलांखेरीज कुठे बघता येईना.

"थांबा," तो चपलांना म्हणाला. "मी एकोणसाठच म्हणालो. मला सत्तरचं येत नाही."

मग बाई कडाडल्या, "एकोण म्हणजे एक उणा, गाढवा! सत्तराला एक कमी! उभा राहा. नवाचे सगळे म्हण."

एकोणतीस. एकोणचाळीस. अकरा माणसांचे निर्दोष कान त्याच्याकडे लागलेले. एकोणनव्वदपर्यंत तो घामाघूम होऊन पोचला.

"पुढे?"

नियम आता कळला होता. छाती काढून तो म्हणाला, "एकोणशंभर!"

कवळ्या सांभाळत सगळे हसले. ड्रायव्हरकाका तेवढे हसले नाहीत. ते उशी घेऊन उभेच होते. खुर्ची बाईंना मिळाली. ऊन लागतं म्हणून त्यांनी पडदा ओढून घेतला.

त्या दिवसापासून तिथे त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. एकोणशंभर म्हणतात. आता घरीसुद्धा.