गौरीहरातून वृषालीबाई उठल्या त्याची हकीगत

“मामा, डोकं फिरतंय माझं!”

“लग्नात फिरतंच गं. बस खाली!”

“अरे, मळमळतंय पण!”

“उपास आहे, मळमळणारच. मामानं न्यायच्या आधी नवरी गौरीहरातून उठत नसते!”

ऐसा कलह श्रीगजाननाच्या साक्षीने, शके एकोणीसशे शेहेचाळीस, वैशाख मासी, ऐन मुहूर्तावर पेटला, त्याची हकीगत ऐसी जे, त्या मुलुखातून वीज सकाळीच फरारी जाहली. मग वृषालीबाईंचे मामा बळवंतराव यांनी भाड्याचा जनरेटर आणविला आणि मांडवालगत सुरू केला. त्याने ऐसा गदारोळ मांडिला, की भटजी मंत्र म्हणतात की जांभई देतात, कोणास उमगेना. मग मामांनी अक्कल लढविली, आणि यंत्र नवरीच्या खोलीशेजारील कोठीत ठेविले, आणि खिडकी लाविली, आणि बाहेरचे दार ओढून मिशीवर हात फिरविते जाहले, “आता कशी शांतता!” परंतु कोठी आणि खोली यांमध्ये नुसता पडदा. त्यातून यंत्राच्या धुराची विषारी हवा नवरीवर चालून आली. ऐसी फौज, की डोळ्यांस दिसेना.

वृषालीबाई जात्याच तापट, तरी मुंडावळ्या सावरीत गौरीवर तांदूळ वाहत राहिल्या. मग शेजारची चिमुरडी करवली मनू त्यांच्या मांडीवर कलंडली. बाईंनी गाल थोपटले, हाका मारिल्या, पोर डोळे उघडीना. तेव्हा बाईंचे डोळे उघडले. आपला उपास, कबूल. पण मनूने तर आत्ताच लाडवांची परात लुटली होती! मग बाईंनी शालू खोचला, पोर काखेत मारिली आणि अंगणात धडकल्या.

वरमाय किंचाळल्या, “अगं बाई, अपशकुन!”

“आत मेले असते तर शकुन झाला असता का? मामा, दार-खिडकी सताड उघड आधी, मग ते धूड बंद कर!”

मामांनी तैसेच केले, आणि यंत्र ओढून पार शेताच्या बांधावर नेले, आणि घाईघाईने त्यात पेट्रोल ओतू लागले.

“अरे तापलंय ते! गार होऊ दे. माझ्या लग्नाचा भडका उडवतोस का?”

मामा डबा धरून गरीब गाईसारखे उभे राहिले. इतक्यात वारा लागून मनू भडाभडा ओकली आणि भोकाड पसरती जाहली. त्या रडण्याने बाईंच्या जिवात जीव आला. नवरदेव बाशिंगासह जीपमध्ये चढले, म्हणाले, “बसा दोघी. आधी दवाखाना, अक्षता मागाहून.”

सारांश, यंत्र उघड्यावर, माणसांपासून लांब असावे. मंत्र ऐकू न आले तरी चालते. मुहूर्ताचे पुढे काय जाहले तेही लिहिले असते, पण जीप सुरू जाहली, मागे एकच जागा आहे, निघतो.