यशोदाकाकूंचा बिनभांडणाचा काडीमोड

घटस्फोटाच्या तारखेला एकाच फटफटीवर बसून कोर्टात आलेलं जोडपं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. आमच्या शेजारच्या यशोदाकाकू आणि भाऊलालकाका. वकिलानं कपाळावर हात मारला. काकू त्याच्यावरच उखडल्या, "आमगावहून गोंदियाले यायले दोन फटफट्या कायले पायजे? पेट्रोल तू टाकतं का?"

हा घटस्फोट गावाला पचलाच नव्हता, कारण त्यात भांडण नव्हतं. काकूंचे मोठे दीर समजवायला आले होते.

"तो पेते का? मारते का?"

"नाही."

"मंग काऊन सोडून राहिली त्याले?"

काकूंनी हातातली भाजी निवडणं काही थांबवलं नाही. "लगनाच्या टायमाले विचारलं होतं का कोणी, काऊन करून राहिली म्हणून?"

दीर चहा न पिताच उठले. मला इतका आनंद झाला की तो चहा मीच पिऊन टाकला.

वकिलानंही सुरुवातीला सुचवून पाहिलं, की छळाचा एखादा आरोप टाकू. काकू खुर्चीतून उठल्याच. "माणूस चांगला आहे. खोटं कायले लिवतं?" मग परस्पर संमतीचा अर्ज ठरला. त्याला आरोप लागत नाही. नवरा-बायको वर्षभर वेगळे राहिलेले असावेत, एकत्र नांदणं जमत नसावं आणि सोडायला दोघंही राजी असावेत, बस. काका निमूटपणे शेतावरच्या खोलीत राहायला गेले. काकू मात्र हा कायदा भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना समजावून सांगत सुटल्या. कीव करायला येणाऱ्याला तर दोनदा सांगत.

शेवटच्या तारखेला मीही कोर्टात होते. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "वेगळे झाल्यापासून एकमेकांशी काही संबंध?" वकील डोळ्यांनी 'नाही म्हणा' असं खुणावत होता.

"नव्या धानाचा पहिला भात डब्यात पाठवला होता, मॅडम. नवं अन्न माणसानं एकट्यानं खाऊ नाही."

मला वाटलं, सगळं केलेलं आता पाण्यात जातं की काय!

"मग एकत्र का राहत नाही?"

"डब्यासंगं निरोप धाडला होता, भात कसा झाला ते सांगजा. डबा धुवून वापस आला. निरोप नाही आला. लगन झालं तवापासून असंच आहे."

न्यायाधीशबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "खरं आहे. मले बोलताच येत नाही. हिले बोलाले माणूस पायजे. मोकळं करा तिले."

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सर्वांत मोठं भाषण. काकूंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. अर्ज मंजूर झाला.

त्या संध्याकाळी काकूंनी मला ओट्यावर बसवून घेतलं. आता त्या दिराची नाहीतर वकिलाची हजेरी घेणार म्हणून मी सरसावून बसले, तर बाई गप्पच.

"बोल ना पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "कायबी बोल."

मी वांग्यांचा भाव सांगितला, नणंदेची तक्रार सांगितली, बहिणीच्या पोराचे प्रताप सांगितले. उठायला लागले की काकू माझा हात धरत.

"मंग? पुढं काय झालं?"