हमीद टेलरच्या कार्डाची फीस

दोन हजार चोवीस साली मला बाहत्तरावं लागलं होतं, आणि त्याच साली आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचा हमीद टेलर एका गिऱ्हाइकाला अर्धं मापून पळून गेला.

गिऱ्हाईक पाहुणा होता, सेनगावकडचा. दोन्ही हात वर करून उभा. हमीदभाईनं छाती मापली, कमरेला टेप गुंडाळला, तेवढ्यात समोरून गावातला विठ्ठल खताच्या दुकानाकडं जाताना दिसला. "थांब रे! नगदी देऊ नको!" म्हणत हा गडी अनवाणी रस्त्यावर. पाहुणा टेप कमरेला तसाच घेऊन मला विचारतो, "काका, कुठं आग लागली काय?"

म्हणलं, "न्हाई बाबा. कार्ड लावायला गेलाय. हात खाली घे, येळ लागंल."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. हमीदभाईजवळ एका बँकेचं क्रेडिट कार्ड आहे. विठ्ठलच्या खताचे पैसे हमीदभाई त्या कार्डानं भरणार, विठ्ठल तेवढेच त्याला नगदी देणार, आणि बँक शंभरामागं एक रुपया हमीदभाईला वापस देणार. याला कॅशबॅक म्हणतात. त्या एका रुपयापायी हा माणूस गावातली अर्धी खरेदी स्वतःच करत होता. कोणाची लेक सासरी जायची असली की साड्यांच्या खरेदीला हिंगोलीच्या जीपमध्ये हा पुढच्या सीटवर. पोरीच्या मामाला मागं बसावं लागायचं. एका मयतीला कापड आणायची गोष्ट निघाली तर तिथंही त्याचा हात खिशाकडं गेला होता. मी डोळे वटारले तेव्हा मागं आला.

विचारलं तर म्हणायचा, "एक टक्का कोन सोडतो, मिस्त्री?"

मिस्त्री म्हणजे मी. मी गवंडी. गावातली पुष्कळ घरं माझ्या हातची आहेत आणि एकाचीही भिंत अजून बाहेर आलेली नाही. गुडघ्यांनी परांचीवर चढायचं सोडलं तेव्हापासून मी हमीदभाईच्या दुकानात बाकड्यावर असतो. आम्ही एका वर्गात होतो. शाळा त्यानं माझ्यानंतर एका वर्षानं सोडली, म्हणून तो स्वतःला शिकलेला समजतो. इंग्रजी अक्षरंही लावून वाचतो. ती कापडाच्या किनारीवर छापलेली असतात, तिथून शिकला. मी असल्या कार्डाबिर्डाच्या भानगडीत पडत नाही. बँकेत माझं खातं आहे, पण ते बँकेनं उघडलं, मी नाही.

कार्डाचे लाड काय सांगू! त्याला मखमलीची पिशवी शिवली, आतून अस्तर, वरून काज-बटन. पेट्रोल पंपावर हा बटन काढून राहिला की मागच्या गाड्या कर्णे वाजवायच्या. "वाजवू द्या," म्हणायचा, "चिप घासली तर तुमचा बाप देईन काय?" पेट्रोलवर त्या कार्डाचं काहीच वापस येत नाही, हे त्याला सहा महिन्यांनी कळलं. तेव्हापासून त्यानं त्या पंपावर जायचंच सोडलं, जसा काही पंपवाल्यानं फसवला.

हे कार्ड त्याच्या पोरानं, इम्राननं, काढून दिलं. हमीदभाईची ठेव बँकेत ठेवून दोन कार्डं घेतली. मोठं बापाजवळ आणि त्याच्याच पोटातलं दुसरं इम्रानजवळ. इम्रान पुण्याला एका कंपनीच्या गोदामात आहे. आपल्या कार्डाचा खर्च तो आपला भरतो. पण त्याच साली दिवाळीला तो आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर बापाला म्हणाला, "अब्बा, आता कोन शिवून घेतं कपडे? बंद करा दुकान, पुण्याला चला. आमच्या गेटवर बसायचं काम हाय." हमीदभाईनं हातातला पायजमा खाली ठेवला आणि म्हणाला, "ह्या पायरीवर परत पाय ठेवू नको." पोरगं बापाचंच. ठेवला नाही. तेव्हापासून फोनही बंद.

तर एक दिवस हमीदभाईच्या मोबाईलवर मेसेज आला. त्यानं अक्षर अक्षर लावून वाचला आणि मशीन थांबवली.

"मिस्त्री, पाचशे नव्वद कापले!"

"कोनी?"

"बँकेनं. सालाची फीस म्हने. घेताना बँकेचा पोरगा म्हनला व्हता, फीस शून्य!"

त्यानं बँकेच्या नंबरावर फोन लावला, मोठा आवाज करून. आधी बाईचा भरलेला आवाज, हे दाबा, ते दाबा. हमीदभाई तिला प्रत्येक वेळी "व्हय बाई, दाबलं," म्हणून सांगत होता. मग एक पोरगी बोलली, हिंदीतून, लई गोड. पहिलं साल फुकट होतं, दुसऱ्यापासून फीस लागते.

"बेटा, मैं टेलर हूँ," हमीदभाई म्हणाला. "मैं सदरे की एक बाही फुकट सिया और दुसरी के पैसे लिया, तो तू देती क्या?"

पोरगी हसली. म्हणाली, कार्ड नको असेल तर बंद करा, फीस माफ होईल. जोडीचं कार्डही त्याबरोबर बंद होईल.

हमीदभाईनं "सोचता हूँ" म्हणून फोन ठेवला.

सोचायचं काय त्यात? मी त्याला तसाच उठवला आणि बबनच्या हॉटेलात नेला. तिथं साऱ्यांना बाहीची गोष्ट सांगितली. लोक खूष झाले. "कापून टाक कार्ड!" "टेलरच्या गावात बँकेची कात्री चालती काय?" हमीदभाईही चढला. म्हणाला, "बाजाराच्या दिवशी, साऱ्यांसमोर, ह्या हातानं कापतो." मी टेबलावर हात मारून म्हणलं, "न्हाई कापलं तर मला विचारा."

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर माणसं जमली. हमीदभाईनं मोठी कात्री काढली, अंगठ्यानं धार पाहिली आणि म्हणाला, "धार गेली हिची." लोक हसले, गेले. पुढच्या बाजाराला कात्रीला धार होती, पण हमीदभाई जिंतूरला गेलेला. त्याच्या पुढच्या बाजाराला त्याला नमाजला उशीर होऊन राहिला होता. बबन मला रस्त्यात अडवून म्हणाला, "मिस्त्री, कात्री बोथट हाय का तुमचा दोस्त?"

हे मला लागलं. हमीदचं काय, तो हसून घेतो. माझ्या शब्दावर गावानं भिंती उभ्या केल्यात.

संध्याकाळी दुकानात गेलो. म्हणलं, "हमीद, आन ती पिशवी. तुला जमत नसंल तर मी कापतो."

"बस आधी."

"बसत न्हाई. काहून मला तोंडघशी पाडून राहिला?"

तेवढ्यात त्याचा मोबाईल टिंग वाजला. ह्यानं माझ्याकडं न पाहता चष्मा चढवला. अक्षरं लावली. मग मोबाईल मशीनवर ठेवला आणि चाकावर हात ठेवला.

"मेडिकल हाय," म्हणाला. "काल बी मेडिकलच व्हतं. ताप असंल."

"कोनाला?"

"इम्रानला. त्याच्या कार्डाचा मेसेज मलाच येतो ना." मग एकदम भराभर बोलायला लागला. "मागच्या महिन्यात रोज खानावळ यायची. आता भाजी येती, किराणा येतो. म्हंजे घरी करून खाऊन राहिलं. चांगलं हाय. एतवारी एकदा पिक्चरचं आलं, दोन तिकिटाचं. कोन असंल दुसरं, काय म्हाईत."

मी बसलो.

"त्याच्याजवळ दुसरं कार्ड न्हाई?"

"कंपनीनं दिलंय की. तरी चहा घेतं तो ह्याच कार्डावर. त्याला ठावं हाय, मेसेज कुठं येतो."

"मग फोन कर ना लेकराला."

"त्यानं केला तर उचलीन."

दोघंही सारखेच गाढव.

"माझं बंद केलं की त्याचंबी बंद, मिस्त्री. त्या पोरीनं सांगितलं, तू ऐकलं न्हाई. फीस मी कवाच भरली."

"आता बाजारात काय सांगशील?"

"काय सांगू? हसतील. हसू दे." त्यानं चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. "फक्त पोराचं नाव निघू नाही हॉटेलात. बाप मेसेज वाचत बसतो, असं झालं तर ते त्याच्या कानावर जाईन. मग लाजंनं ते कार्ड वापरायचं सोडीन."

अंधार पडायच्या आत घरी आलो. बायकोनं विचारलं, जेवत काहून न्हाई? म्हणलं, भूक न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून बबनच्या हॉटेलात गेलो. सारी मंडळी बसलेली पाहून उभ्याउभ्याच सांगितलं, "हमीद कार्ड कापून राहिला व्हता. मीच त्याचा हात धरला. फीस बी मीच भरायला लावली."

"तुमी? काहून?" बबन म्हणाला. "तुमीच तर टेबल फोडून राहिलते, कापा म्हणून!"

"चुकलं माझं," म्हणलं. "मला त्यातलं काही कळत न्हाई."

बबनच्या हातातली चहाची गाळणी तशीच वर राहिली. मग अख्खं हॉटेल माझ्यावर हसलं. मी खुर्ची ओढली, चहा मागवला आणि त्यांचं हसून होईस्तोवर तिथंच बसून राहिलो.