दाऊदभाईंचा टिकाऊ क्लास

आमच्या वरच्या मजल्यावरचे दाऊदभाई अमेरिकेतल्या एका फुटबॉल टीमचे पक्के भक्त होते, आणि त्या टीमची मॅच लागली की ते झोपायचे.

खोटं नाही सांगत. मी स्वतः पाहिलंय. आमच्या सौदीतल्या, दम्मामच्या फ्लॅटमध्ये, आमच्याच सोफ्यावर, तोंड उघडं टाकून. आमचे हे बिचारे पाहुण्याचं मन राखायला म्हणून तो खेळ बघत बसायचे आणि ज्यांच्यासाठी टीव्ही लावला ते घोरत. एकदा मी विचारलं, "दाऊदभाई, टीम तुमची ना?" तर म्हणाले, "मॅच काय बघायची वैनी? मॅचमध्ये निकाल लागतो फक्त. खरी गंमत आधी होऊन गेलेली असते."

ही आधीची गंमत म्हणजे ड्राफ्ट. आता हा ड्राफ्ट काय प्रकार आहे ते मला त्यांनी इतक्या वेळा समजावलंय की अर्धवट तरी सांगता येईल. खेळाचं नाव फुटबॉल, पण बॉल हातात धरून पळतात. इथूनच माझं डोकं फिरायला लागतं. तर वर्षातून एकदा सगळ्या टीमची माणसं जमतात आणि कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं आळीपाळीने उचलतात. सात फेऱ्या. एका टीमने एका वर्षी उचललेली पोरं, तो त्या टीमचा त्या वर्षीचा क्लास. आणि पहिला नंबर कुणाचा? आदल्या वर्षी जो सगळ्यांत जास्त हरला त्याचा!

मी म्हटलं, "मग लोक मुद्दाम हरत नाहीत का?"

दाऊदभाई आणि त्यांचे दोस्त अबू अली एकदम माझ्याकडे बोट दाखवून ओरडले, "बघा! वैनींना कळलं!" मला काय कळलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ड्राफ्टचे ते तीन दिवस आले की दाऊदभाई अगदी बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखे असायचे. पहाटेची फजरची नमाज पढून खाली यायचे, आमची बेल वाजवायचे आणि दारातूनच सांगायचे, "वैनी, आठ पोरं झाली! सगळी सुखरूप!" मी रोजच्या सवयीने म्हणायची, "बरं झालं हो, चहा घ्या."

दाऊदभाई मूळचे मुरुडकडचे. एका कंत्राटदार कंपनीत स्टोअरकीपर. बायको झुबेदाभाभी आणि लेकी गावाला, हे इथे वर्षानुवर्षं एकटे. अबू अली कतीफचे, त्याच कंपनीत. तरुणपणी शिकायला अमेरिकेत होते, तिथून ही टीम घेऊन आले. रास अल खैरला साइट चालू होती तेव्हा दोघं एकाच पोर्टाकॅबिनमध्ये बसायचे. बाहेर वाळूचं वादळ सुटलं की काम बंद, आणि दार लावून आत दोघांनी करायचं काय? अबू अलींनी टीमच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. एखाद्याला खोकला लागावा तशी दाऊदभाईंना टीम लागली.

पुढे ऑफिस दम्मामला आलं आणि शुक्रवारचं जेवण आमच्याकडे ठरून गेलं. अबू अली कतीफच्या बाजारातून मासळी आणायचे, मी कालवण करायची, आणि ते दोघं भांडायचे. अरबी, हिंदी, इंग्रजी, सगळं एका वाक्यात. मी इथे आपल्या भाषेत सांगतेय म्हणून सरळ वाटेल. भांडण एकच, गेल्या तीन वर्षांतला कुठला क्लास चांगला? अबू अलींचा जीव तीन वर्षांपूर्वीच्या क्लासवर. त्यात म्हणे पहिल्या फेरीतला एक मोठा हिरा होता. दाऊदभाईंचा जीव त्याच्या पुढच्या वर्षीच्या क्लासवर. त्यात हिरा-बिरा कोणी नव्हता. सगळी आडदांड, बिननावाची पोरं.

"तुझा तो चमकीला क्लास!" दाऊदभाई म्हणायचे. "एक उरलाय. बाकीचे कुठे गेले? माझी सगळी पोरं टीममध्ये आहेत. टिकाऊ माल."

"टिकाऊ? बाकावर बसून आहेत! बाकडंसुद्धा टिकतं!"

"बाकावर तर बाकावर. घरी तर नाही पाठवलं?"

आणि मला साक्षीला बोलवायचे. मी ज्याच्या ताटात भात संपलेला दिसेल त्याची बाजू घ्यायची.

हळूहळू त्यांना सगळ्या जगात फेऱ्या दिसायला लागल्या. आंब्याची पेटी आली की पहिल्या फेरीतले वरती, सातव्या फेरीतले आमरसाला. माझी थोरली सून रियाधहून आली तेव्हा तिच्याकडे बघून मला हळूच म्हणाले, "पहिल्या फेरीतली आहे वैनी." धाकटी आली तेव्हा जरा थांबले. "हिला वेळ द्या. टिकेल." धाकटी ऐकत होती. ती अजून मला विचारते, "मम्मी, व्हॉट डिड ही मीन?" काय सांगू?

तेवढ्यात ते सौदी माणसांना कामावर घेण्याचे दिवस सुरू झाले. म्हणजे तसं ते कधीपासून चाललेलंच होतं, पण आता सरकारने कंपन्यांना रंग दिले. सौदी माणसं पुरेशी असतील तर हिरवी, कमी असतील तर पिवळी, फारच कमी तर लाल. आम्ही बायका भेटलो की तब्येत विचारायच्या आधी रंग विचारायचो. पिवळ्या कंपनीत जुन्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे चालेल की नाही सांगता येईना. जिन्यात कोणी हळू आवाजात बोललं तरी आम्ही दाराला कान लावायचो.

अशाच एका दुपारी मी जिना चढत होते, तर वरून दाऊदभाईंचा आवाज. फोनवर होते. "गुडघेवाल्याला काढलं. बायको पोटुशी, आता कुठे जाईल बिचारा?"

आमच्या तळमजल्यावर मॅथ्यू राहायचा. गुडघ्याने अधू, आणि त्याची लिसी सातव्या महिन्यात. मी उलट पावली घरी गेले, शिरा केला, आणि लिसीच्या दारात जाऊन तिला मिठीच मारली. ती घाबरली. मी सांगितलं. मग दोघी मिळून मनसोक्त रडलो, आणि रडता रडता बॅगा खाली काढल्या. संध्याकाळी मॅथ्यू ड्युटीवरून आला तर हॉलमध्ये बॅगा भरलेल्या, बायको रडतेय आणि शेजारीण शिरा वाढतेय. त्याला वाटलं, गावाकडे आई गेली. तो रडायला लागला. सगळा उलगडा व्हायला तासभर लागला. गुडघेवाला होता तो अमेरिकेतला, सातव्या फेरीतला, दाऊदभाईंच्या टिकाऊ क्लासमधला.

मी तणतणत वर गेले. "दाऊदभाई, तिकडच्या कुठल्या पोराचं तुम्हाला एवढं काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "वैनी, मला पण असंच उचललं होतं." मग सांगितलं. मुंबईला एका हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीचे लोक आले होते. पोरांना रांगेत उभं केलं, हात बघितले, एक जड व्हॉल्व्ह उचलायला लावला, डब्यावरचं इंग्रजी वाचायला लावलं. "माझं नाव सगळ्यांत शेवटी घेतलं. घेऊ की नको, घेऊ की नको, करत करत. आम्ही सगळे एका विमानाने आलो. आता इथे मी एकटा उरलोय. आमच्या क्लासमधला."

मी विचारलं, "मग आता घरी जावंसं नाही वाटत?"

"जातो ना सुट्टीत. झुबेदा मला चांगल्या कपातून चहा देते. पाहुण्यांसाठी काढतात ना, तो. घरातली सगळी स्टीलच्या पेल्यातून पितात. मला त्या घरात पंख्याचं बटन कुठलं ते माहीत नाही वैनी. इथे निदान भांडायला कोणी आहे."

त्यानंतर दाऊदभाईंची कंपनी पिवळी झाली. परत हिरवी व्हायची तर काही परदेशी माणसं कमी करायची, आणि त्यांची नावं लिहायचं काम साहेबांनी दिलं कुणाला? अबू अलींना. सौदी, शिकलेले, सगळ्यांना ओळखणारे. दाऊदभाईंचा इकामा दोन महिन्यांत संपत होता.

त्या शुक्रवारी अबू अली जेवायला आले नाहीत. पुढच्याही नाही. ऑफिसात दिसले तर फाइल घेऊन दुसऱ्या दाराने जातात म्हणे. मी कालवण केलं ते कोळंबीचं, बाजारातली गोठवलेली, आणि दाऊदभाई मुकाट्याने जेवले. कोणी भांडलं नाही. असं जेवण मला नको झालं.

हात धुऊन आले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "भाऊ, गाडी काढा. कतीफला जाऊ. त्याला तोंडावर सांगता येत नाही म्हणून येत नाही तो. मीच सांगून टाकतो, लिही माझं नाव आणि खलास कर."

मी म्हटलं, "अहो पण तुम्हाला राहायचंय ना?"

"राहायचंय. पण तो असा तोंड चुकवत राहणार असेल तर कोणासाठी राहू?"

मी उरलेलं कालवण पातेल्यात भरलं. रिकाम्या हाताने कसं जायचं? तर मी मागच्या सीटवर, मांडीवर पातेलं, आणि पुढे हे दोघं. अबू अलींच्या घरासमोर गाडी थांबली. ते पांढऱ्या पायघोळ थोबमध्ये बाहेर आले, म्हणाले, "आत या." दाऊदभाई उतरले नाहीत. फक्त काच खाली केली.

"माझं नाव लिही," म्हणाले.

अबू अली म्हणाले, "लिहिलं. मागच्याच्या मागच्या गुरुवारी. पहिलं तुझंच लिहिलं. दोस्ताला वाचवून दुसऱ्या कुणाचं आधी लिहिलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

दाऊदभाईंचा चेहरा मला मागून दिसत नव्हता. मान तेवढी दिसत होती. ती थोडी खाली गेली. पातेलं कलंडेल म्हणून मी हलले नाही.

मग दाऊदभाई म्हणाले, "ठीक. मग आता तरी कबूल कर. माझा क्लास चांगला. मी तर चाललोच आहे, जाणाऱ्या माणसाला एवढं तरी दे."

मला वाटलं, आता हे हो म्हणतील. त्यात काय जातं? आमचे हे पुटपुटले सुद्धा, "हो म्हण रे बाबा."

अबू अलींनी चष्मा काढला, थोबच्या बाहीने पुसला, परत घातला. आणि म्हणाले, "नाही. तुझा क्लास भिकार आहे."

"काय?"

"भिकार! दोघांना धड पळता येत नाही. एकाचा गुडघा गेलाय. चौथा बॉल धरतो तो साबण धरल्यासारखा." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, पण थांबेनात. "आणि त्या पोरांचे करार संपायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर निकाल नाही. तू मुरुडला जा, चंद्रावर जा. मी काहीही कबूल करणार नाही. फोन करायचा आणि भांडायचं. दर शुक्रवारी. केला नाहीस तर मी येईन तिकडे."

दाऊदभाईंनी दार उघडलं आणि उतरले. मला वाटलं, मारतात की काय. तर अबू अलींनी त्यांचा हात धरला, इकडचे दोस्त धरतात तसा, बोटांत बोटं गुंतवून. आणि दोघंही भर रस्त्यात, हात न सोडता, एकमेकांवर ओरडायला लागले. शेजारच्या फाटकातून एक म्हातारा डोकावून गेला.

मी ह्यांना विचारलं, "अहो, म्हणजे काय ठरलं? राहिले की गेले?"

"गेले," हे म्हणाले. "आणि राहिले पण. मला विचारू नकोस."

दाऊदभाईंनी एका हाताने माझ्या बाजूचं दार उघडलं. डोळे पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता. चेहरा मात्र ड्राफ्टच्या सकाळी असायचा तसा.

"वैनी, उतरा आता," म्हणाले. "ह्याला समजवायला वेळ लागणार आहे."