तीन नंबरच्या गाडीतलं खारट पाणी

"मधु केणी. गुप्तहेर. घाऊक आणि किरकोळ. माझ्या नजरेतून सुटलेली वस्तू जगात नाही, आणि असलीच तर ती वस्तू नव्हे," असं मधुकाकांनी बाळकुमच्या मैदानाबाहेरच्या शिपायाला बजावलं, आणि मग आत सोडण्याची विनंती केली.

डोंबिवलीत त्यांच्या गॅलरीवर 'येथे गुप्त चौकशी केली जाते' अशी पाटी आहे. ती रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येते. त्यांची सर्वांत गाजलेली केस म्हणजे शेजाऱ्यांच्या कुकरची हरवलेली शिट्टी. ती सापडेपर्यंत तीन संशयित सोसायटी सोडून गेले होते.

काकांना येताना पाहून कल्पिताने कपाळावर हात मारला. घरी विसरलेला डबा तेवढा आणा, असं तिने पुतणीच्या हक्काने सांगितलं होतं. डब्याबरोबर भिंगही आलं होतं.

कल्पिता पोलिसात उपनिरीक्षक. देशभरच्या पोलिसांसाठी गस्तीची एकच नवी गाडी निवडायची होती, आणि ठाणे शहरातली चाचणी तिच्याकडे होती. तीन कंपन्यांच्या तीन गाड्या, सात चालक. प्रत्येकाने प्रत्येक गाडी पिंपांच्या मधून नागमोडी पळवायची आणि दहापैकी गुण द्यायचे; फेरीची वेळ कल्पिता मोजायची. गुण संध्याकाळी पाचला वर कळवायचे. आता साडेतीन वाजले होते, वर मे महिन्याचं ऊन होतं, आणि तीन नंबरची गाडी गुणांत साफ आपटली होती.

कल्पिताला नेमकी तीच हवी होती. तिन्हींचे कागद तिने शब्दन् शब्द वाचले होते. चालकाच्या कमरेला नीट आधार देणारी सीट फक्त तीन नंबरमध्ये होती. तिच्या बाबांनी अठ्ठावीस वर्षं पोलिसांची जीप चालवली. शेवटी शेवटी त्यांना पायात मोजे चढवायलाही दुसरं माणूस लागायचं. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. या गाडीविषयी तिला एवढंच म्हणायचं होतं, आणि फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

"चालकांचे अभिप्राय वाच," काका म्हणाले.

"'वळणावर गाडी चालकाला फेकते.' 'आतून कुणीतरी कण्हतं.' 'पाठ ओली होते.' सातही जणांचं हेच."

काकांनी डोळे मिटले. त्यांच्या घरात चार माणसांचं कधी चहावर एकमत झालं नव्हतं. सात जणांचं होतं म्हणजे कट होता.

पहिला सिद्धान्त लाचेचा. सर्वांत तरुण चालक हर्षित समोर उभा राहिला.

"दुसऱ्या कंपनीकडून काय घेतलंस? खरं बोल!"

"कंपनीकडून काय नाय, काका. टपरीवरून वडापाव घेतलेला. सगळ्यांनीच घेतलेला. मॅडमनीपण."

काकांनी वहीत पुतणीचं नाव लिहिलं.

दुसरा सिद्धान्त कण्हण्याचा. डिकीत हेर लपलाय, तो पकडायला काका स्वतः डिकीत शिरले. हर्षितने एक फेरी मारली. या फेरीत कण्हण्याचा आवाज मैदानभर ऐकू आला.

"हेर होता," बाहेर येऊन काका केस सारखे करत म्हणाले. "मी आत शिरलो तसा निसटला."

मग त्यांनी चालकाच्या सीटवरून बोट फिरवलं आणि ते चाटलं.

"काका!"

"खारट! कल्पिता, हे खाडीचं पाणी! ही गाडी कळव्याच्या पुलावरून खाली पडलेली आहे. बाहेर काढली, पुसली, आणि नवी म्हणून आपल्या गळ्यात मारली."

हर्षितने आपल्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. पण मोठ्यांच्या मध्ये बोलू नये म्हणून तो गप्प बसला.

सव्वाचार झाले. सर्वांत ज्येष्ठ चालक कान्हा तरे जवळ आले. ते कल्पिताच्या बाबांबरोबर नोकरीला होते.

"मॅडम, एक नंबरची गाडी लिहून टाका. आम्हाला काय, कुठल्याही गाडीची सवय होते."

"तेच तर नकोय, कान्हाकाका," कल्पिता म्हणाली.

तेवढ्यात आवडाबाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन मैदानातून निघाल्या. मासळी विकून कोळीवाड्यात परतायची त्यांची ही रोजची वाट.

"खारट पाणी. खाडी. आणि आता कोळीण," काका पुटपुटले, आणि गरजले, "बाई, थांबा! चौकशी आहे!"

"थांबतंय. पन आधी बसाला दे. गुडघं दुखतान माजं."

काकांनी त्यांना सन्मानाने तीन नंबरच्या चालकाच्या सीटवर बसवलं. पहिल्या प्रश्नाला आवडाबाई जराशा हलल्या, आणि सीट कण्हली. दुसऱ्या प्रश्नाला त्या घसरून ब्रेकपर्यंत पोचल्या. तिसरा प्रश्न येण्याआधी त्या बाहेर होत्या; लुगडं पाठीला चिकटलेलं.

"मेल्यांनो, सीटवरचा यो प्लास्टिक काहाला ठेवलाय? मना शिजवताव काय? काढून टाका ना!"

सगळ्यांनी सीटकडे पाहिलं.

प्लास्टिक कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. पण नव्या वस्तूवर प्लास्टिक असायचंच. हर्षितच्या मोबाइलवर ते होतं, काकांच्या सोफ्यावर नऊ वर्षं होतं, खुद्द कल्पिताच्या स्कूटरच्या सीटवर होतं. पहिल्या दोन गाड्या चार ठिकाणी चाचण्या देऊन, प्लास्टिकची कात टाकून आल्या होत्या. तीन नंबर कारखान्यातून थेट आली होती, आणि सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'आली तशी परत करावी.'

"मी तिथवर पोचलोच होतो," काका म्हणाले. "सीट चाटली कुणी?"

"पण मॅडम, काढलं तर जबाबदारी कुणाची?" कान्हा तरेंनी विचारलं. बाकीचे सहा चालक सहा दिशांना पाहू लागले.

"माझी. लिहून देते."

कल्पिताने केसातली पिन काढली, शिवणीत खुपसली आणि जोर लावून ओढलं. प्लास्टिक असं फाटलं की शेजारच्या इमारतीतली दोन माणसं गॅलरीत आली.

"एका फेरीला तीन मिनिटं. सगळे पुन्हा चालवा. कान्हाकाका, तुम्ही पहिले."

कान्हा तरे बसले. त्यांनी पाठ टेकली, आणि मागून कुणी हात लावलाय का म्हणून वळून पाहिलं. मग गाडी निघाली. एकाही पिंपाला न शिवता नागमोडी गेली, वळली, परत आली. कल्पिताने घड्याळाचं बटण दाबायला अंगठा उचलला.

गाडी तिच्यासमोरून पुढे गेली. दुसरी फेरी. मग तिसरी.

"ओ कान्हातात्या, आमचा नंबर आहे ना!" हर्षित ओरडला. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि 'थांब रे' अशी खूण करून आत गेला.

"गाडी पळवली!" काका धावत सुटले. "कल्पिता, पाठलाग!"

कल्पिता जागची हलली नाही. वेळेच्या रकान्यात काय भरावं, ते तिला कळेना. शेवटी तिने अक्षर जरा सावकाश काढत लिहिलं, 'चालक अजून उतरलेला नाही.'